विठाबाई नारायणगावकर : जीवन, गायकी आणि ध्वनिमुद्रणाचा प्रश्न

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या लोकरंगभूमीच्या इतिहासात विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे नाव आदराने घेतले जाते. 'तमाशासम्राज्ञी' हे बिरुद त्यांच्या नावामागे इतके घट्ट बसले आहे की त्याचा अर्थ काय, हे विचारण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. त्यांच्यावर चरित्रपर लेखन झाले आहे. योगीराज बागूल यांचे 'तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा' हे पुस्तक अभ्यासकांना परिचित आहे. शासनाने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. तथापि या सर्व लेखनात आणि गौरवात विठाबाईंचे जीवन जितके येते तितकी त्यांची कला येत नाही, असे दिसून येते. त्या किती सोसत होत्या हे वाचकाला कळते, पण त्या कशा गात होत्या हे कळत नाही. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा शोध घेतला असून तिचे एक प्रमुख कारण ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात आहे, अशी मांडणी केली आहे.

या मांडणीसाठी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज या गीतप्रकाराचा तुलनेपुरता आधार घेतला आहे. आफ्रो-अमेरिकन साहित्याचा मराठी वाचकांना परिचय करून देण्याचे मोलाचे काम जनार्दन वाघमारे यांनी केले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच अमेरिकेतील चळवळीवरून घेतले. मात्र मराठीतील ही तुलना कविता, आत्मकथन आणि राजकीय चळवळ या वाटांनी गेली, संगीताच्या वाटेने ती फारशी गेली नाही. वस्तुतः शोषित समाजाचा कंठ आणि बाजारपेठ यांचे नाते तपासायचे असेल तर संगीत हेच सर्वांत उघड क्षेत्र होय.

नारायणगाव आणि फडाचे अर्थकारण

विठाबाईंचा जन्म जुलै १९३५ मध्ये पंढरपूर येथे झाला. घराणे मात्र जुन्नर तालुक्यातील नारायणगावचे. आजोबा नारायण खुडे यांच्यापासून घरात तमाशा होता आणि वडील भाऊ व चुलते बापू यांच्या काळात 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावाने तो फड महाराष्ट्रभर गाजला. या नावातच एक सामाजिक दस्तऐवज आहे. व्यक्तीचे नाव, जात आणि गाव अशा तीन खुणा एका फलकावर येतात. नागर रंगभूमीवरील कंपन्यांनी आपल्या नावात सहसा कलेचा किंवा देवतेचा उल्लेख केला, कलावंताची जात फलकावर मांडण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. फडाच्या बाबतीत जात ही लपवण्याची सोय नव्हती. दुसऱ्या बाजूने पाहता, वाद्यवादनाची पिढीजात परंपरा असलेल्या मांग समाजाच्या दृष्टीने ती कसबाची ग्वाहीही होती. हलगी आणि ढोलकी ज्यांच्या घरात वाजतच होती, त्यांच्या फडाचे नाव ते. अपमान आणि अभिमान एकाच शब्दात नांदतात, याचे हे उदाहरण होय.

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके तमाशाचे आश्रयस्थान का झाले, याचे उत्तर यात्रांच्या पंचांगात सापडते. चैत्र-वैशाखात या भागात गावोगावी ग्रामदैवतांच्या यात्रा भरतात. सकाळी पालखी, दुपारी बैलगाड्यांची शर्यत, रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी हजेरी व कुस्त्यांचा आखाडा, असा यात्रेचा सर्वसाधारण क्रम असतो. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात त्या सशर्त पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३ मध्ये त्यांची वैधता मान्य झाली. या मधल्या काळात यात्रेचा एक खांब निखळला, तरी तमाशा उभा राहिला, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे. फडमालक पुणे-नाशिक रस्त्यालगत नारायणगावी राहुट्या टाकतात, गावोगावचे पंच तेथे येऊन तारखा ठरवतात आणि सुपारी देतात. टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव याच कारणाने 'तमाशापंढरी' म्हणूनही ओळखले जाते. आंबेगाव तालुक्यातील अवसरीचे वसंत अवसरीकर यांच्यासारखे कलावंत याच परिसरातून पुढे आले.

या व्यवहाराची दुसरी बाजू उचलीची आहे. हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होऊन वैशाखात संपतो. पावसाळ्यात फड बसतो, पण पोट बसत नाही. म्हणून कलावंत पुढील हंगामाच्या मेहनतान्यापोटी मालकाकडून उचल घेतो आणि मालक ती देण्यासाठी बहुधा सावकाराकडून कर्ज काढतो. हंगाम पावसात किंवा दुष्काळात सापडला की दोघेही बुडतात. मिसिसिपीच्या डेल्टा प्रदेशात कापसाच्या मळ्यावर राबणारा कृष्णवर्णीय कुळकरी असाच मालकाकडून आगाऊ धान्य-पैसा घेत असे आणि पीक हाती आल्यावर हिशेबात पुन्हा कर्जातच राहत असे. ब्लूजची भूमी ती हीच. परिस्थितीचे हे साम्य खरे असले, तरी तेवढ्यावरून तमाशाला 'महाराष्ट्राचा ब्लूज' म्हणणे उथळपणाचे ठरेल. ब्लूज हा मुख्यतः एकट्याचा उद्गार आहे. एक माणूस, एक गिटार आणि स्वतःचे दुःख एवढ्यावर तो उभा राहतो. वग हा समूहाचा खेळ असून त्यात दुःखापेक्षा हजरजबाबीपणाला, रडण्यापेक्षा टर उडवण्याला मान आहे.

आख्यायिका आणि कला

विठाबाईंविषयीची सर्वांत प्रसिद्ध कथा त्यांच्या बाळंतपणाची आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. वेणा सुरू झाल्यावर त्या पडद्यामागे गेल्या, मूल जन्मले, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा साज चढवून प्रेक्षकांसमोर जाण्यास त्या सिद्ध झाल्या. प्रकार कळल्यावर प्रेक्षकांनीच खेळ थांबवण्यास सांगितले, असे सांगितले जाते. ही कथा सांगणाऱ्याच्या मनात आदर असतो, यात शंका नाही. पण आदराच्या पोटी एक अन्यायही घडतो. कलावंत म्हणून विठाबाईंची ओळख एका शारीरिक सोसण्यात संपून जाते. एखाद्या गायिकेच्या थोरवीचा पुरावा म्हणून तिच्या बाळंतपणाचा दाखला द्यावा लागतो, हे तिच्या गाण्याविषयी बोलण्याची भाषा समीक्षेने तयार केली नसल्याचे लक्षण होय. शास्त्रोक्त संगीतातील गायकाविषयी लिहिताना घराणे, आवाजाची फेक, लयकारी, चिजांचा संग्रह यांची चर्चा होते. फडावरील गायिकेविषयी लिहिताना तिचे हाल सांगितले जातात.

हीच कथा वेगळ्या रीतीनेही वाचता येते. पूर्ण दिवसांची गर्भवती स्त्री रात्रीच्या खेळाला उभी का राहिली? कारण तिच्या नावावर सुपारी होती. ती उभी राहिली नसती तर खेळ मोडला असता, ठरलेली रक्कम हातची गेली असती आणि उचल अंगावर घेतलेल्या पन्नास-साठ माणसांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला असता. 'कलेवरील निष्ठा' हा शब्द या प्रसंगाला लावताना त्यामागची मजुरी दृष्टिआड होते. निष्ठा नव्हती असे नव्हे. मात्र निष्ठा आणि नाइलाज यांची सरमिसळ करून त्याला त्यागाचे नाव देणे समाजाला सोयीचे असते, कारण त्यागाला मोबदला द्यावा लागत नाही. विठाबाईंना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींकडून गौरव लाभला. तरीही १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा रुग्णालयाचे देयक देणगीदारांच्या मदतीने भागवावे लागले. शासनाचा त्यांच्या नावाचा पुरस्कार २००६ पासून सुरू झाला. कांताबाई सातारकर, वसंत अवसरीकर आणि विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे हे त्याच्या मानकऱ्यांपैकी होत. सन्मान आणि उपजीविका यांच्यातील हे अंतर तमाशा कलावंताच्या बाबतीत अपवादाचे नाही, नित्याचे आहे.

शैलजा पाईक यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रीवर लादलेल्या 'अश्लील' या शिक्क्याचा इतिहास मांडला आहे. त्याआधी शर्मिला रेगे यांनी १९९० च्या दशकात लावणी कलावंतांच्या श्रमाचा आणि लैंगिकतेच्या अपहरणाचा प्रश्न उपस्थित केला होता. या दोन्ही अभ्यासांनी तमाशाच्या चर्चेला नैतिकतेच्या कोंडीतून बाहेर काढले. त्यांचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की स्त्रीचा देह आणि तिची जात यांची चर्चा जितकी पुढे गेली तितकी तिच्या गळ्याची चर्चा गेलेली नाही.

फडावरील गायकीची लक्षणे

हा गळा नेमके काय करतो? ढोलकीच्या फडाचा खेळ गणाने सुरू होतो. मग गौळण येते. तीत मावशी आणि पेंद्या यांच्या सवाल-जबाबांमध्ये गाणे वारंवार तुटते आणि पुन्हा जोडले जाते. बतावणी आणि रंगबाजीनंतर वग उभा राहतो. संगीतबारीतील गायिका मर्यादित प्रेक्षकांपुढे, अदाकारीला अवसर देत, एकच चरण वेगवेगळ्या भावांनी फिरवू शकते. फडावरील गायिकेपुढे मोकळ्या मैदानात हजारोंचा समुदाय असतो. त्यात चहाच्या गाड्या आहेत, पाळणे आहेत, शिट्ट्या आहेत. अशा ठिकाणी आवाज वरच्या पट्टीत, सरळ आणि धारदार लागावा लागतो, आणि शब्दही शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोचावा लागतो. सुरत्ये मागून शेवटचा स्वर उचलून धरतात, त्यामुळे मुख्य गायिकेला श्वास घ्यायला आणि पुढचा पवित्रा ठरवायला क्षणभर मिळतो. ढोलकीवाला चरण संपताना तोडा घेतो. पायातील चाळ त्याला उत्तर देतात. याचा अर्थ असा की फडावर गाणे, नाचणे आणि वादन या तीन स्वतंत्र क्रिया नाहीत. श्वासाच्या एकाच हिशेबात त्या बसवलेल्या असतात.

वगाची गोष्ट याहून वेगळी. त्याचा सांगाडा ठरलेला असला तरी संवाद पुष्कळदा जागच्या जागी उभे राहतात. सोंगाड्याने टाकलेल्या अनपेक्षित वाक्याला नायिकेने अनपेक्षित उत्तर द्यायचे असते आणि त्या उत्तरातूनच पुढच्या गाण्याला वाट काढायची असते. विठाबाई लहानपणापासून कोणत्याही औपचारिक शिक्षणाविना बोर्डावर वावरल्या, असे चरित्रकार सांगतात. 'औपचारिक शिक्षणाविना' हे शब्द मात्र जपून वापरावे लागतील. लावणी, गौळण, भेदिक यांच्या सहवासात वाढलेल्या मुलीचे शिक्षण रोज रात्री प्रेक्षकांसमोर होत होते, एवढाच त्याचा अर्थ. त्याला 'उपजत देणगी' म्हटले की पिढ्यांची तालीम अदृश्य होते.

तीन मिनिटांची तबकडी आणि रात्रभराचा वग

आता ध्वनिमुद्रणाचा प्रश्न. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असे. ब्लूजला हे माप सोसले. १९२० च्या दशकात अमेरिकन कंपन्यांना कृष्णवर्णीय ग्राहकांची बाजारपेठ दिसली आणि त्यांनी खेड्यापाड्यातील गायक-वादकांना स्टुडिओत आणले. रॉबर्ट जॉन्सन या गिटारवादकाने १९३६ आणि १९३७ मध्ये अवघी २९ गाणी मुद्रित केली व १९३८ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. एवढ्या तुटपुंज्या संचितावर त्याची जगभराची कीर्ती उभी आहे. मिसिसिपी जॉन हर्ट यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९२८ मध्ये त्यांच्या तबकड्या निघाल्या, त्या फारशा खपल्या नाहीत आणि ते आपल्या गावी परतून शेतमजुरी करू लागले. १९६३ मध्ये एका रसिकाने त्यांच्याच मुद्रित गाण्यात आलेल्या 'ॲव्हलॉन' या गावाच्या नावावरून त्यांना शोधून काढले. त्याच वर्षी ते न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायले. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. पस्तीस वर्षे कपाटात पडून राहिलेल्या तबकडीने एका शेतमजुराला उतारवयात पुन्हा कलावंत केले. व्यापाऱ्याने नफ्यासाठी केलेली नोंद इतिहासाच्या कामी आली, ती अशी. त्या व्यापारात कलावंतांची लूट झाली, हेही खरेच.

तमाशाच्या बाबतीत तबकडीचे माप आणि कलेचे माप जुळलेच नाही. रात्रभर चालणाऱ्या वगातून तीन मिनिटे कापायची तर हाती लावणीच लागते, म्हणून मराठी ध्वनिमुद्रणात 'तमाशा' म्हणून जे आले ते मुख्यतः लावणीच्या रूपात. ही लावणीदेखील पुढे चित्रपटाने आपलीशी केली. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ चा, व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' १९७२ चा. या चित्रपटांतील तमाशाने महाराष्ट्राच्या मनात घर केले, परंतु त्यातील कंठ आशा भोसले, उषा मंगेशकर यांचे, स्टुडिओतील वाद्यवृंदाच्या साथीने मुद्रित झालेले होते. सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) या विठाबाईंच्या जवळपास समवयस्क. डोक्यावरून पदर घेऊन, ध्वनिक्षेपकापुढे स्थिर उभे राहून त्यांनी केवळ आवाजातून लावणीचा सगळा ठसका उभा केला, ही असामान्य कामगिरी होय. तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण या दोघींच्या कीर्तीचे स्वरूप पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. लावणीचा आवाज म्हणून घराघरांत पोचला तो एकीचा, आणि लावणीचे जगणे म्हणून सांगितले गेले ते दुसरीचे. नागर श्रोत्याला जातीचा आणि फडाचा संदर्भ वगळलेली लावणी रेडिओवर ऐकता आली आणि फडावरील बाईची करुण कहाणी स्वतंत्रपणे वाचता आली. दोन्ही एकत्र ऐकण्याची वेळ त्याच्यावर फारशी आली नाही.

ही वाटणी त्याआधीही होती. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, यांच्या रचना छापल्या गेल्या आणि मराठी शाहिरी वाङ्मयाचा भाग झाल्या. त्या रचना ज्यांनी बोर्डावर जिवंत केल्या त्या पवळाबाईंचे नाव आख्यायिकांतून राहिले. छापील पुस्तकात लावणी राहते, गळा राहत नाही. रचनाकाराला वाङ्मयाच्या इतिहासात जागा आणि सादर करणारीला दंतकथेत जागा, अशी ही जुनी व्यवस्था आहे, आणि तिचा जातीशी व लिंगभावाशी असलेला संबंध स्पष्ट आहे.

१९८० च्या दशकात कॅसेट आली तेव्हा काही काळ चित्र बदलले. कॅसेटच्या एका बाजूवर अर्धा तास बसे. निर्मितीचा खर्च कमी आणि विक्री यात्रेतच. वग, बतावण्या आणि सोंगाड्यांचे विनोद यांना प्रथमच त्यांच्या मापाच्या जवळ जाणारे साधन मिळाले. फडातील पुष्कळ कलावंतांचा मूळ आवाज खेड्यातील हॉटेलांत, एसटी स्टँडवर आणि ट्रॅक्टरवर वाजू लागला, तो याच काळात. नेमकी हीच सामग्री ग्रंथालयांनी आणि विद्यापीठांनी हलकी समजून जमवली नाही. नाट्यसंगीताच्या तबकड्या जपणारे संग्राहक महाराष्ट्रात आहेत आणि त्यांचा गौरवही होतो. त्या प्रमाणात यात्रेतील कॅसेटला संग्राह्य वस्तूचा मान मिळाला नाही.

खेळाचे मापही पुढे बदलले. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधने आली. पहाटेपर्यंत चालणारा वग आवरता घ्यावा लागला आणि त्याच्या जागी चित्रपटगीतांवरील नाचाचा भाग वाढला. आज यात्रेत जाऊन जुन्या वगाचा विस्तार अनुभवता येईल, अशी खात्री देता येत नाही. याच जुन्नर तालुक्यात खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे आणि ती दूरच्या आकाशगंगांचे क्षीण संदेश रात्रंदिवस टिपते. तिच्यापासून काही किलोमीटरवर असलेल्या राहुट्यांतील आवाज टिपण्यासाठी मात्र कोणतीही संस्था उभी राहिली नाही. विज्ञानाला दोष देण्याचा येथे हेतू नाही. नोंद घेण्यास काय योग्य, याचा निर्णय समाज कसा घेतो, एवढेच त्यातून दिसते.

नोंदीचे एक उदाहरण

अशी नोंद महाराष्ट्रात अशक्य आहे, असेही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी पुण्याहून सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले आणि २०१७ पासून 'पारी'च्या माध्यमातून त्या लोकांपुढे येत आहेत. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आज ऐकता येतो तो याच कामामुळे. या संग्रहाचे वैशिष्ट्य असे की ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गावही नोंदलेले आहे. 'लोकगीत, पारंपरिक' या शिक्क्याखाली कलावंताला निनावी करण्याची चाल तेथे मोडली गेली. ओवी घरातली, एकांतातली, पहाटेची, म्हणून तिला 'निर्मळ' मानणे अभ्यासकांना सोपे गेले असावे. फडाचा तमाशा पैशाचा, रात्रीचा, शिट्ट्यांचा. त्याच्याविषयीचा संकोच विद्याक्षेत्रातून अजून पुरता गेलेला नाही.

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथे आज महाविद्यालये आहेत आणि त्यांतील अनेक विद्यार्थी ज्या गावांतून येतात त्या गावांत तमाशा ऐकणारी पिढी अद्याप आहे. घरातील पेट्यांमधून यात्रेच्या कॅसेट निघू शकतात. चुंबकीय फीत ओलाव्याने आणि बुरशीने खराब होते, म्हणून हे काम लांबवता येण्यासारखे नाही. फीत संगणकात उतरवून घेतली की काम संपत नाही. प्रत्येक फितीसोबत फडाचे नाव, यात्रेचे गाव, वगाचे नाव आणि वर्ष, त्याचप्रमाणे ढोलकी कोणाची, सुरत्ये कोण, सोंगाड्या कोण आणि मावशी कोणी केली, हे त्या फडात राबलेल्या वृद्ध कलावंतांना फीत ऐकवून विचारून घ्यावे लागेल. कॅसेटच्या वेष्टनावर बहुधा फडमालकाचे आणि मुख्य कलावंताचेच नाव छापलेले असते.